गुंडाळागुंडाळ

साखऱ्यात एसटीतून उतरलेला माणूस घरी पोचायच्या आधी त्याच्या सामानाची यादी घरी पोचते. होळीला पुतण्या चाकणहून आला तेव्हा तो अजून अर्ध्या वाटेत होता, आणि आमच्या ओट्यावर बातमी होती की पोराच्या काखेत हातभर लांबीचं, मांडीएवढं जाड, चकाकणारं काहीतरी आहे. ते काय असावं यावर एकमत नव्हतं. एकाच्या मते शेततळ्याचं अस्तर. दुसऱ्याच्या मते टरबुजाचा मल्चिंग पेपर. तिसरे जरा राजकारणातले. ते म्हणाले, बॅनरचं भेंडोळं आहे, पोरगं येत्या ग्रामपंचायतीला उभं राहतंय.

निघाला तो स्ट्रेच फिल्मचा रोल. गोदामात उरलेला होता आणि साहेबांनी घेऊन जा म्हटलं, असं पुतण्यानं सांगितलं. आम्ही खोलात शिरलो नाही. माय मात्र दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

"पाच महिन्यांनी आलास, अन् आजीला आणलंस काय, तर पन्नी?"

"पन्नी नाही आजी, फिल्म आहे."

"मंग दाव की. कोणता पिच्चर हाय?"

पुतण्या नेमकं काय काम करतो हे आम्हाला तीन वर्षं धड सांगता येत नव्हतं. सोयरिकीच्या बैठकीत आमचे थोरले बंधू 'लॉजिस्टिकमध्ये आहे' असं म्हणत आणि पाहुणे गंभीरपणे मान हलवत. सगळं सुरळीत चाललं होतं. एका बैठकीत मुलीच्या मामानं विचारलंच, "म्हणजे करतो काय?" दादांच्या तोंडून खरं निघून गेलं, "गुंडाळतो." मराठीत हा शब्द फार घातकी आहे. आपल्याकडे सभा गुंडाळतात, योजना गुंडाळतात, लाज गुंडाळून ठेवतात आणि कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळतात. सरळ अर्थानं काही गुंडाळणारा माणूस या भाषेत बिचारा एकटाच पडतो. ती सोयरीक तिथल्या तिथे गुंडाळली गेली.

आता तो जे करतो ते असं. चाकणच्या गोदामात माल लाकडी पॅलेटवर रचतात. पॅलेट म्हणजे बुटका चौरंग. बहुतेक १२०० मिलिमीटर बाय १००० मिलिमीटरचा. खाली फोर्कलिफ्टचे दोन दात जातील एवढी फट. वर खोक्यांचा माणसाच्या उंचीचा, हजारेक किलोचा ढीग. हा ढीग गोदामात शहाण्यासारखा उभा राहतो, पण ट्रकमध्ये चढून पहिला गतिरोधक लागला की प्रत्येक खोक्याला स्वतंत्र विचार सुचतात. म्हणून त्याला खालपासून वरपर्यंत फिल्मचे वेढे द्यायचे.

"म्हणजे झाकायचं," मी म्हणालो.

"झाकायचं नाही काका. आवळायचं."

इथं माझी आयुष्यभराची समजूत डळमळली. प्लास्टिक हे झाकायला असतं असं मी धरून चाललो होतो, आणि त्याला कारणंही होती. आमच्या घरी नवा कोच आला त्याला सात वर्षं झाली. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून आहे. उन्हाळ्यात त्यावर बसलेला पाहुणा उठताना अर्धा वर येतो आणि अर्धा कोचालाच चिकटून राहतो. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि पिशवीला रबर असतं. बटणं पिशवीवरून दाबायची असल्यामुळे बातम्या लावायला गेलं की भजन लागतं. मायचं रेशनकार्ड, दादांचं आधारकार्ड आणि माझी दहावीची गुणपत्रिका हिंगोलीहून लॅमिनेशन करून आणलेली. त्या गुणपत्रिकेला खरं तर कुठल्याही संरक्षणाची गरज नव्हती. तिला हात लावावा असं त्या गुणांमध्ये काही नाही. हे सगळं झाकणं. आवळणं ही निराळी विद्या आहे, असं पुतण्याचं म्हणणं पडलं. ही फिल्म ताणली की तिला मागे यायचं असतं. ती मागे येऊ बघते आणि त्या ओढीत ढीग धरून ठेवते. ताणलीच नाही तर ती नुसती पन्नी. आजी बरोबर होती, एवढंच.

मायक्रॉन हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. शेततळ्याचं अस्तर ५०० मायक्रॉनचं, मल्चिंगचा कागद २५-३० मायक्रॉनचा, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. अनुदानाच्या अर्जात तसं लिहावं लागतं. त्यामुळे हातानं गुंडाळायची ही फिल्म अवघी २३ मायक्रॉनची, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, हे ऐकल्यावर ओट्यावरची मंडळी निराश झाली. एवढ्याशा पापुद्र्यानं हजार किलो धरायचे? पुतण्यानं मग अंगणातच खेळ मांडला. घडवंचीवर गोधड्यांची थप्पी होती. उन्हाळा लागला होता, पुढे आठ महिने त्यांचं काम नव्हतं. त्यानं फिल्मचं टोक घडवंचीच्या पायाला अडकवलं आणि रोल दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून, उलटा चालत थप्पीला फिरू लागला. चर्र, चर्र, चर्र. तळाला तीन वेढे, मग हळूहळू वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढलेला, डोक्यावर पुन्हा तीन वेढे, आणि शेवटी फट्‌कन हिसडा देऊन तोडलं. थप्पी ठोकळ्यासारखी टणक. शेजारच्या पोरानं तिच्यावर लाथ घालून पाहिली, तर पोरगंच मागे पडलं.

गावात लग्नाकार्यात फेटे बांधणारे एक आजोबा आहेत. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी अधू, पण हात अजून चालतो. ते सगळा वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत होते. खेळ संपल्यावर म्हणाले, "फेटाच बांधलास की रे."

आणि खरंच, फेटाच होता तो. तळाशी दोन-तीन वेढे घट्ट, कारण वरचा सगळा डौल त्याच्यावर उभा. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा. ताण बेताचा. एका जागी जास्त ओढलं की नवरदेवाचं कपाळ दुखतं आणि कमी पडलं की वरातीत घोडीवरून फेटा आधी उतरतो. आजोबांनी पुतण्याला दोनच प्रश्न विचारले. पहिला, डोक्यापेक्षा मानेकडं ताण जास्त का? पुतण्या म्हणाला, ढीग आणि पॅलेट एकमेकांना बांधले गेले पाहिजेत, नाहीतर पॅलेट एकीकडे जातो आणि माल दुसरीकडे. आजोबांना पटलं. दुसरा, "शेमला कुठाय?" फिल्मला शेमला नसतो. तिचं टोक तिच्याच अंगाला चिकटतं आणि दिसेनासं होतं. हे मात्र आजोबांना पटलं नाही. ज्याला शेमला नाही ते सोडायचं कुठून, असा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा त्या संध्याकाळी कोणी मनावर घेतला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर पुतण्याचं व्याख्यान झालं. हातानं गुंडाळणं हा या धंद्यातला शेतमजूर. दिवसाला वीस-पंचवीस पॅलेट असतील तर ठीक. त्याहून जास्त झाले की माणसाला भोवळ येते, कंबर धरते, आणि दुपारनंतरचे वेढे सकाळच्यापेक्षा सैल पडतात. मग यंत्र येतं. यंत्रात दोन रोलर असतात, पुढचा जोरात फिरतो, मागचा सावकाश, आणि फिल्म मालापर्यंत पोचायच्या आधी मधल्या मध्येच ताणली जाते. एका मीटरची तीन, साडेतीन मीटर होते. हे ऐकून घरातल्या बायकांना काहीच नवल वाटलं नाही. पंगतीला अचानक पाहुणे वाढले की वरणाचं तेच करावं लागतं.

यंत्रांतही दोन घराणी. एकात पॅलेट मोठ्या ताटावर ठेवतात, ताट फिरतं, आणि फिल्म एका खांबावर जागच्या जागी वरखाली होते. दुसऱ्यात माल हलत नाही. एक हात फिल्म घेऊन त्याच्याभोवती फिरतो. जड माल, डुगडुगणारा माल, हलक्या रिकाम्या बाटल्या, असलं काही ताटावर फिरवलं तर सांडतं, म्हणून त्यांच्यासाठी फिरता हात.

"म्हंजे ह्यो प्रदक्षिणा घालतो," माय म्हणाली, "अन् त्यो पयला औंढ्याचा."

ज्यांना औंढ्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नामदेव महाराज नर्सीचे. नर्सी आमच्या शेजारची, आणि औंढा नागनाथ आमच्याच जिल्ह्यात. महाराज तिथं कीर्तनाला उभे राहिले तर पुजाऱ्यांनी त्यांना देवळाच्या मागे जाऊन गा म्हणून सांगितलं. ते मागे गेले, गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. आजही तिथला नंदी देवळाच्या समोर नाही, मागच्या बाजूला आहे. या गोष्टीत भक्ताला प्रदक्षिणा घालावी लागली नाही, देऊळच फिरलं. पुतण्याच्या मालकानं फिरतं ताट बारा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलं आणि ती नवी पद्धत म्हणून पाहुण्यांना दाखवतात. आमच्या जिल्ह्यात सातशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे, आणि वजनाची तुलनाच नको. नामदेव महाराजांचं घराणं शिंप्याचं, हेही मला त्या रात्री आठवलं. कापड मापात बसवणं त्यांच्या घरचंच.

मग निघाली श्रिंक फिल्म. बारा पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा आपण बघतो ना, वरून कडक प्लास्टिक, बाजूला दोन गोल भोकं, ती ही. ती सैल चढवतात आणि गरम भट्टीतून काढतात. उष्णता लागली की आवळते आणि बाटल्यांच्या माना धरते. मोठ्या पॅलेटवर पिशवीसारखी चढवून गॅसच्या झोतानं भाजतात. आवळायचं काम इथं माणूस करत नाही, विस्तव करतो.

"पण तापल्यावर प्लास्टिक वितळायला पाहिजे. आखडतं कामून?" शेजारच्या मास्तरांनी विचारलं. मास्तर विज्ञानाचे. निवृत्त झाले तरी प्रश्न विचारायची सवय गेलेली नाही.

कारखान्यात ती फिल्म गरम असताना ताणलेली असते आणि ताणलेल्या स्थितीतच थंड केलेली असते, असं पुतण्यानं सांगितलं. तिचा मूळ आकार तिच्या पोटात राहतो. पुन्हा बेतानं तापवली की तो वर येतो. मास्तर विचारात पडले. मला मात्र लगेच समजलं, कारण आमचा एक आत्तेभाऊ वीस वर्षं पुण्यात आहे. एरवी बोलतो ते 'आहे ना', 'बरं का', 'अगदी बरोबर', सगळं सदाशिव पेठेच्या मापात ताणलेलं. पण हिश्श्याच्या धुऱ्यावरून तापला की दोन मिनिटांत 'कामून रे' आणि 'तुह्या बापाचं हाय का' वर येतो. तापवलं की मूळचा आकार. श्रिंक फिल्म याहून सोपी करून सांगता येईल असं मला वाटत नाही.

श्रिंकचा फायदा पावसात. स्ट्रेच फिल्म चारी बाजूंनी गुंडाळते पण डोकं उघडं राहतं; वर निराळी चादर टाकली नाही तर पाणी सरळ आत. श्रिंकची पिशवी वरून येते, त्यामुळे पाच बाजू बंद. पण प्लास्टिक जास्त लागतं, गॅस जळतो, आणि गोदामात उघडा विस्तव फिरवायचा म्हणजे विम्याच्या माणसाला झोप येत नाही. म्हणून आता तिसरी पद्धत आली आहे, स्ट्रेच हूड. यंत्राचे चार हात लवचीक पिशवीचं तोंड चारी बाजूंनी फाकवतात आणि ती वरून खाली ओढत आणतात. सोडलं की ती आपोआप आवळून बसते. ताण आहे, विस्तव नाही, डोकंही झाकलेलं. सिमेंटची पोती, विटा, खताच्या बॅगा, फ्रिज असा माल त्यात जातो. यंत्र महाग. त्यामुळे पुतण्यानं ते दुसऱ्या कंपनीत फक्त पाहिलंय.

"कुंचीच की," माय म्हणाली आणि झोपायला गेली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. बाळाच्या डोक्यावरून ओढून पाठीपर्यंत आणायची, कान झाकतात, वारा लागत नाही. तिनं सात नातवंडांना शिवलेली आहे.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण घरात नवी विद्या आली की ती कुठंतरी लावून पाहिल्याशिवाय आमच्या घराण्याला चैन पडत नाही. मागे एकदा असंच गांडूळखत झालं होतं.

हळद शिजवून, वाळवून, ढोलात पॉलिश करून कट्ट्यांत भरलेली होती. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आम्ही साखऱ्याचे लोकही आपल्या हळदीकडे जरा मान वर करून बघतो, जणू शेजारच्याचा पोरगा कलेक्टर झाला. भाव चढेल म्हणून दादांनी पंधरा दिवस थांबायचं ठरवलं होतं. शेवटचे सहा कट्टे घरात जागा नव्हती म्हणून ओट्यालगत होते. पुतण्याची नजर त्यांच्यावर गेली.

"काका, हे पॅलेटाइज करू."

विटांवर फळ्या टाकल्या. त्यावर कट्टे तीन तीन करून दोन थर, एकावर एक आडवेतिडवे, भिंतीच्या विटांसारखे; सरळ रचले तर थप्पी फाटते, हेही त्यानं सांगितलं. मग वेढे. तळाला तीन, वर अर्ध्यावर अर्धा, डोक्यावर तीन, आणि वळवाचा भरवसा नाही म्हणून वरून टॉप शीट. उन्हात ते प्रकरण काचेच्या देव्हाऱ्यासारखं चमकू लागलं. आतून पिवळी हळद. फोटो काढले. शेजारच्या चार जणांनी आपलेही कट्टे गुंडाळून द्यायची विनंती केली आणि एकानं तर विचारलं, सोयाबीनचं काय? प्रश्न रास्त होता. २०२४च्या हंगामात हमीभावाची खरेदी कितीतरी ठिकाणी बारदान्यावाचून अडली होती. माल आहे, काटा आहे, गिऱ्हाईक सरकार आहे, पण भरायला पोतं नाही. मग पोतं पाहिजेच कशाला, ढिगालाच गुंडाळून टाकू! फेटेवाल्या आजोबांनी तो ठराव एका वाक्यात निकालात काढला. "अरे, डोकं असलं तर फेटा. दाण्याला कशाला बांधतूस?"

पहिली अडचण संध्याकाळी आली. सहा कट्टे म्हणजे तीन क्विंटल. सुटे असते तर दोघांनी पाठीवर घेऊन अर्ध्या तासात आत ठेवले असते. आता ते सहा नव्हते, एक होतं, आणि ते एक दारातून जात नव्हतं. दारातून गेलं असतं तरी उचलणार कसं? फोर्कलिफ्ट साखऱ्यात नाही, सेनगावात नाही. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचे ढीगच्या ढीग येतात, तिथंही कट्टा हलतो तो हमालाच्या पाठीवर. हमालाच्या हातात लोखंडी आकडा असतो. तो पोत्याच्या कोपऱ्यात खुपसायचा, खेचायचा, पाठ द्यायची. चाकणला ज्या कामाला चाळीस-पन्नास लाखांची व्यवस्था लागते ते इथं एक आकडा, एक पाठ आणि मध्ये एक चहा एवढ्यात होतं. फिल्मवर आकडा मारला की फिल्म फाटते आणि सगळा ताण सुटतो. आकड्याच्या गावात फिल्मला काही भविष्य नाही, हे आम्हाला फिल्म गुंडाळून झाल्यावर कळलं.

दुसरी अडचण सकाळी. माय पहाटे सडा टाकायला उठली आणि तिथूनच हाक मारली, "अरे उठा! हळदीला घाम फुटलाय."

फिल्मच्या आतल्या बाजूला थेंबांची रांगच रांग. वरच्या चादरीखाली तर मोत्यांचं जाळं. मास्तरांना बोलावणं गेलं. ते चष्मा पुसत आले आणि त्यांचा पाठ सुरू झाला: वाळलेल्या हळदीतही आठ-दहा टक्के ओलावा असतो, हे शेवटचे कट्टे घाईत वाळवलेले असल्यामुळे बहुधा त्याहून जास्त. दिवसा उन्हानं आतलं तापलं, ओलावा वाफ होऊन निघाला, बाहेर जायला वाट नाही. रात्री फिल्म गार पडली आणि वाफेचं पाणी झालं. दोन दिवस तसंच राहिलं असतं तर बुरशी, आणि बुरशीच्या हळदीला लिलावात कोणी हात लावत नाही. तागाचं पोतं श्वास घेतं. फिल्म घेत नाही.

पुतण्याचा चेहरा पडला. "आमच्याकडं बेअरिंग असतात काका," तो म्हणाला, "बेअरिंगला घाम येत नाही." भोकांची फिल्म निराळी मिळते, कांदा-बटाट्याला ती किंवा जाळी वापरतात, हे त्याला तेव्हा आठवलं. विद्या वेळेवर न आठवणं हाही आमच्या घराण्याचाच गुण.

मास्तरांना मात्र उत्साह आला होता. पॉलिथिनचा शोध तरी कसा लागला, ठाऊक आहे का? मार्च १९३३, इंग्लंडमध्ये नॉर्थविचला आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट नावाच्या दोघांनी दुसऱ्याच प्रयोगासाठी इथिलीन वायू प्रचंड दाबाखाली भांड्यात कोंडून ठेवला, आणि उघडून पाहिलं तर आत मेणासारखं पांढरं काहीतरी बसलेलं. त्यांनी ते घातलं नव्हतं. "म्हणजे बघा," मास्तर म्हणाले, "कोंडून ठेवलेलं उघडल्यावर भलतंच निघणं, ही या वस्तूची जन्मखूण आहे." दादांनी मास्तरांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती इथं लिहीत नाही. दादांचे सहा कट्टे होते.

आता सोडायचं. आणि इथं आजोबांचा शेमला परत आला. टोक कुठंय? पुतण्यानं नखानं चाचपलं, दादांनी उजेडात बघितलं, मी उगाच भोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. टोक अंगाला अंग लावून बसलेलं. माय म्हणाली, "गाठ कुठं मारली?" गाठ नाहीच, म्हटल्यावर ती गप्प झाली. मायच्या आयुष्यात जे काही बांधलं गेलं ते गाठीनं बांधलं गेलं. पदराच्या टोकाला पैसे, फडक्यात भाकरी, गाठोड्यात बाळंतविडा, आणि प्रत्येक गाठ सोडून तेच फडकं पुन्हा उपयोगाला. तिला गाठ नसलेलं बांधणं समजेना. शेवटी विळा आणला. चर्रर्र करून वरपासून खालपर्यंत कापलं, कट्टे सुटून मोकळे उभे राहिले, आणि हळद पुन्हा गच्चीवर गेली. पायाशी प्लास्टिकचा ढीग पडला. ओला, पिवळट, कशालाच न येणारा. माय तो लगेच गोळा करायला लागली. कौतुकानं नव्हे. गोठा दहा पावलांवर, आणि गाईला पन्नी आणि चारा यांतला फरक गिळल्यावरच कळतो.

मास्तर जाता जाता कायदाही सांगून गेले. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत मिठाईचे डबे, आमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटं यांच्यावर गुंडाळलेली फिल्म आहे. पॅलेटवरची नाही. म्हणजे पुतण्या दिवसाकाठी दोनशे पॅलेट गुंडाळतो ते चालतं. त्याचं लग्न ठरलं तर पत्रिका मात्र गुंडाळता येणार नाही. दादा म्हणाले, आधी ठरू तर द्या.

सुट्टी संपली. रोलमध्ये अजून बरीच फिल्म होती, ती पुतण्यानं आजीला देऊन टाकली. हिंगोलीहून रात्रीची पुण्याची गाडी. मायनं दुपारपासून डबा भरला: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा ठेचा, वर लाडू. डब्याचं झाकण जुनं, ठेच्याचं तेल गळतं, आणि मागच्या खेपेला पोराचे कपडे लाल झाले होते. तिनं डबा चौरंगावर ठेवला, रोल हातात घेतला आणि नातवानं दाखवलं तसं फिरायला सुरुवात केली. तळाला तीन वेढे. मग अर्ध्यावर अर्धा. डोक्यावर तीन. ऐंशीला टेकलेली बाई चौरंगाभोवती उलटी चालते आहे हे बघायला शेजारच्या सुना गोळा झाल्या. फिल्म पुष्कळ होती आणि हात सुटलेला नव्हता, त्यामुळे ती थांबली तेव्हा आत डबा आहे की नारळ हे कळत नव्हतं.

रात्री साडेअकराला फोन आला. गाडी कुठल्यातरी ढाब्यावर थांबली होती, मागे हॉर्न वाजत होते. चाकूबिकू जवळ नाही, दातानं प्रयत्न करून झाला, किल्लीनंही झाला, शेजारच्या सीटवरचे काका आता मदतीला बसलेत, असं पुतण्या सांगत होता. आवाज रडवेला.

"आजी, टोक कोणत्या बाजूला ठेवलंस तेवढं सांग."

माय अंथरुणात उठून बसली. तिनं डोळे मिटून बराच वेळ आठवून पाहिलं.

"मला बी नाही आठवत रे बाळा," ती म्हणाली. "पण सांडलं तर नाही ना?"